मेट्रनची आया

तळेकर सिस्टर स्वतःला आया म्हणवून घ्यायच्या, आणि तेही एका मांजरीची. ज्यांनी त्यांना नोकरीत पाहिलं असेल त्यांचा यावर विश्वास बसणार नाही. मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात त्यांनी उभा जन्म काढला होता. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंटच्या कॉटवर टेकलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहत, असं त्या स्वतःच सांगायच्या. आमच्या बिल्डिंगमध्येही फारसं वेगळं नव्हतं. त्या जिन्यातून गेल्या की गप्पा मारत उभ्या असलेल्या बायका उगाचच पदर सारखा करायच्या. त्यात मीही होते.

त्यांची आठवण यायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. परवा तिनं फोनवर तिच्या मांजराचा फोटो दाखवला. चारही पाय पोटाखाली दुमडून बसलेलं मांजर, आणि खाली इंग्रजीत काहीतरी लाडिक. मग मला समजावायला लागली, "मावशी, मांजरवाल्यांची ना, नेटवर एक वेगळीच भाषा असते. तुला नाही कळणार." मी म्हटलं, बाई गं, तू रांगत होतीस तेव्हा मी ती भाषा आठवड्यातून तीनदा टाइप करत होते.

तेव्हा आम्ही विरारला, मनवेलपाड्यात राहायचो. आम्ही पहिल्या मजल्यावर, सिस्टर तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. माझा मुलगा लहान होता म्हणून मी घरीच बसून सातिवलीच्या एका कारखान्याची पत्रं टाइप करून द्यायचे, आणि त्यापायी घरात कॉम्प्युटर आणि प्रिंटर आला होता. केबलवाल्यानं खिडकीतून वायर आत टाकून इंटरनेट दिलं होतं. लोडशेडिंगची वेळ सांभाळून ते वापरायचं. पत्रं संपली की मी हळूच एका ग्रुपवर जायचे. घरात कुत्री-मांजरं पाळणाऱ्या मराठी लोकांचा तो ग्रुप होता. माझ्याकडे प्राणी नव्हता, पण तिथे इतकी करमणूक असायची की टीव्हीची गरजच पडत नसे.

त्या ग्रुपचा एकच नियम होता: माणसानं बोलायचं नाही. जे लिहायचं ते प्राण्याच्या तोंडून. प्राणी म्हणजे मालक आणि घरातला माणूस म्हणजे त्याचा नोकर. नोकराच्या घरी लग्न असो की त्याला ताप असो, मालकाला त्याचा त्रास किती झाला तेवढंच लिहायचं. शब्दही ठरलेले होते. मांजर पाय दुमडून बसलं की 'पाव' झालं. एक पाय बाहेर राहिला तर 'अर्धा पाव'. संध्याकाळी अंगात आल्यासारखं घरभर धावायला लागलं की 'फिरकी'. पंजाखालच्या गाद्या म्हणजे 'वाटाणे'. बँकेतले साहेब, कॉलेजातल्या मुली, दोन मुलांची आई, सगळे तिथे याच भाषेत बोलायचे आणि कुणालाही लाज वाटत नसे.

सिस्टरांकडे मांजर आली ती भांडणातून. आमच्या मीटररूममध्ये एक भाटी, म्हणजे मांजरी, व्यालेली होती. पिल्लं गेली, भाटीही गेली, एकच पिल्लू उरलं, पाठीला जखम असलेलं. सोसायटीच्या चेअरमननी ते उचलून बाहेर टाकायला वॉचमनला सांगितलं. सिस्टर मासे घेऊन वर चालल्या होत्या. त्यांनी वॉचमनच्या हातातला खोका बघितला आणि म्हणाल्या, "रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही." चेअरमन म्हणाले, "अहो सिस्टर, मांजर आहे ते." सिस्टर म्हणाल्या, "मग तुम्ही डॉक्टर आहात का?" पिल्लू जे वर गेलं ते गेलंच. पंधरा दिवसांनी जखम भरली, महिन्याभरात ते घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसायला लागलं. सिस्टरांनी नाव ठेवलं मेट्रन. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सगळी नोकरी मेट्रनच्या हाताखाली काढली. आता सवय मोडवत नाही."

त्यांच्या सवयी खूप होत्या. साडीवर छातीशी त्या अजूनही पिन लावून घड्याळ अडकवायच्या, उलटं, म्हणजे स्वतःला खाली बघून वेळ दिसेल असं. घरच्या गादीची चादर इस्पितळातल्यासारखी कोपरे दुमडून घालायच्या. कुणी घाबरून दारात आलं की त्यांचं एकच वाक्य असायचं, "आधी पाणी उकळा, मग रडा." माझ्या मुलाला ताप आला तेव्हा मीही ते ऐकलं आहे. मी खरोखर पाणी उकळलं. उकळेपर्यंत रडायचं राहूनच गेलं, आणि त्या पाण्याचं काय करायचं होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

त्या तापाच्या वेळीच त्यांनी कॉम्प्युटरवर तो ग्रुप पाहिला. कुणाचीतरी पांढरी मांजर पाव होऊन बसली होती. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, माझ्याकडून शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि वर गेल्या. मला वाटलं, बाईंना थिल्लर वाटलं असणार. दोन दिवसांनी दुपारी तीनला दारात उभ्या. म्हणाल्या, "मीनल, मेट्रनला काही सांगायचंय. टाइप करशील?"

ही आमची सुरुवात. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी त्या यायच्या, माझ्या शेजारी ताठ बसायच्या आणि मजकूर सांगायच्या. एक पाळी संपताना नर्स दुसरीला जो रिपोर्ट देते, त्याच चालीवर. 'मी मेट्रन. सकाळपाळीचा रिपोर्ट. भूक चांगली. बांगडा अर्धा खाल्ला, दूध नाकारले. दहा ते अकरा खिडकीत पाव. साडेअकराला अर्धा पाव. आयाने फडके मारण्यासाठी उठवले. आयाला समज देण्यात आली.' बाकी सगळे स्वतःला नोकर म्हणायचे, यांनी तेवढं आया म्हटलं. ज्या बाईनं जन्मभर आयांना धाकात ठेवलं तिनं! ग्रुपवर मेट्रन बघता बघता लाडकी झाली. तिचा रिपोर्ट आला नाही तर लोक चौकशी करायचे.

सगळ्यांना वाटायचं, हे लिहिणारी कुणी कॉलेजातली चावट पोरगी असणार. तो गैरसमज हरेश पाटलाच्या वाडीवर फिटला. हरेश हा वसईच्या खाडीकडच्या गावातला. भातशेती, थोडी भाजी, आणि शेरू नावाचा कुत्रा. तो शेरूच्या नावानं लिहायचा, घरच्या बोलीत, आणि त्याची कुणाला अडचण नव्हती. त्यानं एका रविवारी जवळपासच्या सगळ्यांना वाडीवर बोलावलं. आम्ही रिक्षानं गेलो. सिस्टरांच्या मांडीवर टोपली, टोपलीत मेट्रन. टोपलीवर फडकं, फडक्याला चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना. हरेश पुढे आला आणि म्हणाला, "मेट्रनची आया खंय? येली नाय?" सिस्टर म्हणाल्या, "मी." तो इतका गडबडला की वाकून पाया पडला. कोंबडी-पोह्यांच्या भुजिंगाचं पातेलं उघडेपर्यंत सिस्टरांनी तिथल्या दोन कुत्र्यांचे कान, एका मांजराचे दात आणि हरेशच्या पायाची जखम तपासली होती. हरेशनं ज्याच्या शौर्याच्या कथा वर्षभर लिहिल्या होत्या तो शेरू मेट्रनला बघून खाटेखाली शिरला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

गणपती होऊन गेले, आणि रिपोर्टमध्ये आया जरा जास्त यायला लागली. 'आया कामचुकार झाली आहे. बाजारातून येताना प्रत्येक मजल्यावर थांबते. मेट्रनला ताटकळावे लागते.' पुढच्या आठवड्यात: 'आया दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. त्यामुळे तिच्या पोटावरील मेट्रनची हक्काची जागा गेली.' त्याच्या पुढच्या: 'आयाने पाय सुजवून घेतले आहेत. कारण विचारता उत्तर नाही. आयाला मेमो देण्यात येत आहे.'

हे सगळं मी माझ्या या दहा बोटांनी टाइप केलं. मेमोवर तर मी इतकी हसले की सिस्टरांना क्षणभर थांबावं लागलं. ग्रुपवरही हशा. कुणी लिहिलं, आयाचा पगार कापा. कुणी लिहिलं, आमचा नोकरही असाच, दिवसभर लोळतो. ती उत्तरं मी त्यांना वाचून दाखवली. त्या ऐकत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. जाताना दाराची चौकट धरली, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, वय झालं. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला हरेशचा फोन आला. एरवी तो फोनवरही शेरू होऊन बोलायचा. त्या दिवशी नाही.

"ताई, ते मेट्रननं लिवलंय दोन उशांचं, ते खरं हाय का गंमत?"

मी म्हटलं, "गंमतच असेल. का?"

"माझी आय अशीच झोपायची. बसून. पाय सुजलेले. आमी म्हनलो ग्यास झालाय. ओवा दिला, पानी दिलं. छातीत पानी भरलेलं, ताई. आमाला कोन सांगनार? आठ दिवसांत गेली." मग म्हणाला, "तुमी वर जाऊन बघा. आत्ता."

मी गॅस बंद केला, मुलाला कडेवर घेतलं आणि वर गेले. दार लोटलेलंच होतं. सिस्टर कॉटवर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, पाठीशी दोन उशा. पाय खाली सोडलेले. ते पाय इतके सुजले होते की घोटे कुठे आहेत ते कळत नव्हतं. तीन आठवडे त्या माझ्या शेजारी बसत होत्या आणि मी फक्त पडद्याकडे बघत होते. मेट्रन खुर्चीवर पाव होऊन बसली होती.

"सिस्टर, हे काय? तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं नाही?" त्यांना दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "तीन आठवडे सांगतेय. तूच टाइप केलंस."

मग रडत, चिडत, जमेल तशी मिनतवारी सुरू केली. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, मी रिक्षा आणते. त्या शांत होत्या. आपल्याला काय झालंय हे त्यांना माझ्याहून आणि हरेशहून कितीतरी चांगलं माहीत होतं. अशा पेशंटांच्या पाठीशी त्यांनी स्वतः उशा लावल्या होत्या.

"मी गेले तर हिचं काय?" त्या म्हणाल्या. पुण्याच्या भाच्याला त्यांनी आडून विचारून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, "आत्या, तू ये, पण ते मांजर मासळीबाजारात सोडून ये." मी म्हटलं, मी सांभाळीन. त्यांनी माझ्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. त्याला मांजराच्या केसांनी धाप लागायची, आणि हे निदान त्यांचंच होतं. मग त्या म्हणाल्या, "मीनल, आपल्या जागी बदली नर्स आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. एकदा सगळी मुंबई बंद होती, माझी बदली आली नाही. दोन दिवस मी वॉर्डात होते. आता काय वेगळं करू?" विषय संपला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी खाली आले. सिस्टर दारात आल्या की मी नेहमी करायचे तेच केलं. कॉम्प्युटर लावला. नियम मोडायचा नाही एवढं मात्र कुठूनतरी सुचलं. मी लिहिलं, 'मी मेट्रन. आयाचा मेमो रद्द. आयाला खरोखर बरे नाही, तिला इस्पितळात जायला हवे. पण बदली मिळत नाही म्हणून ती वॉर्ड सोडत नाही.'

अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. पहिलं शेरूचं. 'मेट्रनबाय, आयाला रजेवर धाडा. बदली म्हनून आमचा मानूस उद्या सकाळी येतो. तो मेट्रनला घाबरतो, पन येतो.' मग नालासोपाऱ्याच्या बोक्यानं आपली नोकरीण मंगळवारी देऊ केली. वसईच्या दोन कॉलेजातल्या मुली, बँकेतले साहेब, सगळ्यांनी वार वाटून घेतले. कुणी मासे, कुणी मेट्रनच्या शी-शूची माती, कुणी नुसतं येऊन बसायचं. कुणीही माणसासारखं बोललं नाही. आयाची काळजी वाटते असं एकानंही लिहिलं नाही, आणि तरी ते वाचताना माझ्या डोळ्यांना धार लागली. वीज जायच्या आत मी वारांची यादी छापून घेतली आणि कागद घेऊन वर गेले.

सिस्टरांनी चष्मा लावला. कागद खालपासून वरपर्यंत वाचला, मग वरपासून खालपर्यंत. त्या म्हणाल्या, "पेन दे."

मी पेन दिलं.

"सोमवारी दोघं कशाला? गुरुवारी कुणीच नाही. ही ड्युटी कुणी लावली?" एक नाव खोडून त्यांनी गुरुवारी लिहिलं. खाली सही केली. "उद्या सकाळी हा आला की निघू," म्हणाल्या. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण त्यांच्या गळ्यात पडण्याची बिल्डिंगमध्ये पद्धत नव्हती.

हरेश सकाळी साडेसातला हजर. खाली रिक्षा थांबलेली, माझा नवरा विलास आणि वॉचमन त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायला तयार. पण सिस्टरांनी आधी चार्ज दिला. श्वास पुरत नव्हता, तरी एकही गोष्ट गाळली नाही. मासा काटे काढून, उकडून, मीठ न घालता. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. पाठीच्या जुन्या जखमेला हात लावायचा नाही. संध्याकाळी फिरकी सुरू झाली की स्टुलावरचा तांब्या उचलून ठेवायचा. हरेश हातावर पेननं लिहून घेत होता. विलास घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हरेशकडून ते परत म्हणवून घेतलं. तो मिठाला चुकला, तो भाग पुन्हा. मग त्या मेट्रनकडे न बघता म्हणाल्या, "वॉर्ड तुमचा," आणि खुर्चीत बसल्या.

वसईच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. छातीत पाणी साचलं होतं, हृदय थकलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. वर मलाच ओरडला, "इतके दिवस तुम्ही काय करत होता?" मी टाइप करत होते, हे काही त्याला सांगता आलं नाही.

औषधं लागू पडली. रोज थोडं थोडं पाणी उतरत गेलं. मी दुपारी जायचे आणि ग्रुपवरचे रिपोर्ट छापून न्यायचे. 'मेट्रननं आज बोंबील खाल्ला. पानी प्याली. आमच्या मानसाला दोन ठिकानी बोचकारलं. फिरकी झाली, तांब्या पडला.' सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या आणि विचारायच्या, "शी?" मी म्हणायचे, लिहिलेलं नाही. "रिपोर्ट अपुरा आहे. विचार." चौथ्या दिवशी मी पोचले तर त्या सलाईनच्या बाटलीवर वेळ लिहिली नाही म्हणून तिथल्या नर्सला झापत होत्या. ती बिचारी हात बांधून उभी होती. मी मागच्या मागे व्हरांड्यात आले, बाकावर बसले आणि पोटभर रडले. पाणी उकळायचं बाकी राहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

भाचा पुण्याहून आला होता. त्यानं सिस्टरांच्या घरी भिंतीला चिकटवलेली ड्युटीची यादी पाहिली, वाराप्रमाणे येणारी अनोळखी माणसं पाहिली. एक साहेब ऑफिसला जायच्या आधी बूट काढून मांजराचं ताट धुताना पाहिले. जाताना मला म्हणाला, "आत्या इथेच बरी आहे." पुढच्या खेपेला त्यानं मेट्रनसाठी पुण्याहून सुके बोंबील आणले. विरारला, पुण्याहून! सिस्टर तोवर घरी आल्या होत्या; त्यांनी ते घेतले आणि आधी वास घेऊन पाहिला.

त्यानंतर त्या बरीच वर्षं होत्या, मेट्रनही होती, असं हरेश सांगतो. मी मात्र विरार सोडल्यावर त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पुढच्याच वर्षी विलासची बदली नाशिकला झाली आणि आम्ही मनवेलपाडा सोडला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा त्या एकट्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या. माझ्या मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता, तरी. मला म्हणाल्या, "कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बस, टेम्पोत आपटेल." मी वाकून नमस्कार केला. "पुरे," म्हणाल्या आणि वर जायला निघाल्या.

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. विलास हाका मारत होता, पण माझा पाय निघेना. त्यांच्या चपलांचा आवाज पहिला मजला ओलांडून गेला. दुसऱ्या मजल्यावर मात्र थांबला. एकदम थांबला. मी दोन पायऱ्या चढलेसुद्धा. तेवढ्यात वरून आवाज आला, खणखणीत, एका दमात, मध्ये कुठेही श्वास न घेता: "ही सायकल जिन्यात कुणी लावली? पेशंटला खाली न्यायची वेळ आली तर काय विमानानं नेणार आहात?" कुणाचंतरी दार उघडलं, सायकल ओढल्याचा खरखर आवाज झाला, आणि चपला वर चालू लागल्या.